आत मोकळं किती?

वखारीच्या दारावर पत्र्याची पिवळी पाटी होती. ‘कांदा वखार. चारशे पोती मावतील.’ वखारवाल्याच्या वडिलांनी ती स्वतःच्या हातानं रंगवली होती. शेवटी जागा कमी पडली म्हणून ‘मावतील’मधला ‘ल’ त्यांनी चेपून कसाबसा कडेला बसवला होता. पाटीला आता इतकी वर्षं झाली होती की तिच्याकडे कुणी बघत नसे. दर वर्षी तीनशे, फार तर सव्वातीनशे पोती यायची, लोक चार महिने आपला माल ठेवायचे, भाडं द्यायचे आणि भाव बरा दिसला की काढून न्यायचे. चारशेचा आकडा खरा की खोटा हे बघायची कधी वेळच आली नव्हती.

या वर्षी ती आली, आणि त्याला कारण पोरगी.

पोरीला तालुक्याच्या तंत्रशाळेत जमीन मोजणीच्या वर्गाला प्रवेश मिळाला. त्या वर्गात सगळ्या मिळून वीस जागा, आणि पोरीचा नंबर अठरावा. वखारवाल्याला अठरावाही पहिल्यासारखाच वाटला. शाळेत लॅपटॉप लागतो हे कळल्यावर तो दोन दिवस नुसता हिशोब करत होता. तिसऱ्या दिवशी मळेवाला सत्तर पोती घेऊन दारात उभा राहिला. एरवी वखारवाल्यानं हात जोडले असते. वखार भरत आली होती, मधला बोळ तेवढा मोकळा होता. पण त्यानं मान वर करून पाटीकडे बघितलं. चारशे म्हणजे चारशे. त्यानं सत्तरच्या सत्तर पोती बोळात, भिंतीच्या कडेला, जागा मिळेल तिथं रचून घेतली आणि सगळं भाडं आगाऊ घेतलं.

त्याच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तेव्हाच नाक मुरडलं होतं. आक्का शेजारच्याच घरात राहायची आणि वखारीत राबायची. तिच्या नाकाबद्दल गावात दुमत नव्हतं. दहा पोत्यांच्या खाली एक कांदा नासला तरी ती दारातून सांगायची, डावीकडून तिसरी रांग.

“आता मी आत जाऊ कुठून?” आक्का म्हणाली.

“वरून जा.”

“मी काय मांजर आहे?”

“आठ दिवसांनी बघू,” वखारवाला म्हणाला, आणि तिथं विषय संपला.

आठ दिवसांत हवा फिरली. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, ऊन म्हणावं तर ऊन नाही. सकाळपासून नुसती भुरभुर, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओले, काडेपेटीतली काडी घासली तर तिचा गूल निघून यायचा. अशा हवेत कांद्याला घाम फुटतो. एका सकाळी आक्का वखारीच्या दारात उभी राहिली, डोळे मिटून एकदाच श्वास घेतला आणि पदर खोचला.

“मधोमध,” ती म्हणाली. “एक नाही. पुष्कळ.”

वखारवाला हातातलं काम टाकून धावत आला. आपला कांदा असता तर गोष्ट वेगळी होती. हा लोकांचा माल होता. तीस वर्षांत वखारीबद्दल कुणी वावगा शब्द काढला नव्हता. दोन शेजाऱ्यांचं बांधावरून वाकडं असलं तरी दोघांची पोती त्याच्याकडे एकमेकांना टेकून सुखानं राहायची.

मग चौघंही कामाला लागली. तो, आक्का, पोरीची आई आणि पोरगी. आधी बोळ उपसायचा. पोतं पाठीवर घ्यायचं, वाकून दाराबाहेर आणायचं, छपराखाली ओतायचं. पहिली वीस पोती काढल्यावर आतून जी ऊब आली ती तोंडावर आपटली. वखारवाल्यानं दोन पोत्यांच्या मधे हात घातला आणि झटकन काढला. आत ताप भरल्यासारखं गरम होतं.

बाहेर छपराखाली तिघी ओळीनं बसल्या. कांदा उचलायचा, अंगठ्यानं मानेजवळ दाबायचा. मान कडक असली तर उजवीकडे, मऊ लागली तर डावीकडे, मोड आला असेल तर मागच्या टोपलीत. हात आपोआप चालतो, पण तासाभरानं अंगठा बधिर होतो आणि कंबर आपली राहत नाही. सालं केसांत, गळ्यात, चहाच्या कपात. पोरीची आई दर थोड्या वेळानं उठून कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, “मी आहे अजून,” आणि परत बसायची.

त्यातच दुपारी पोरीला शाळेचा निरोप आला. तिनं हात पुसले, फोन लांब धरला आणि मोठ्यानं वाचला. “लॅपटॉपची तपासणी सोमवारी सकाळी. स्टोरेज, मोकळी जागा किमान दोनशे छप्पन्न जीबी. ज्यांचा लॅपटॉप तपासणीत बसणार नाही, त्यांची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला.”

“स्टोरेज म्हणजे?” आईनं विचारलं.

“साठवण,” पोरगी म्हणाली. “आमचे फोटो असतात ना, उडत्या कॅमेऱ्यानं वरून काढलेले. शेताचे, रस्त्याचे. ते सगळे त्यात राहायला हवेत.”

“म्हणजे वखार,” आक्का म्हणाली.

वखारवाला दारातून पोतं घेऊन येत होता. ते खाली टाकून तो तिथंच उभा राहिला. “परत वाच,” तो म्हणाला. “जागा किमान किती म्हटलंय त्यात?”

“दोनशे छप्पन्न.”

“त्याच्या आधी काय म्हटलंय?”

“मोकळी जागा.”

“हां. ‘मोकळी’ म्हटलंय. मास्तर कामाचा माणूस दिसतोय.” त्यानं परत पोतं उचललं.

दुसऱ्या दिवशी मळेवाला आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलंच होतं. तो वयानं मोठा, आवाजानंही मोठा. छत्री मिटून तो छपराखाली आला आणि डावीकडचा मऊ कांद्यांचा ढीग त्यानं छत्रीच्या टोकानं ढोसला.

“हे माझे?”

“सगळे नाहीत. थोडे,” वखारवाला म्हणाला.

“तुझ्या बापाच्या वेळी असं झालं नव्हतं.”

“हवा खराब आहे. बघताय ना तुम्ही.”

“हवा सगळ्यांनाच खराब आहे,” मळेवाला म्हणाला. आवाज एवढा होता की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. “माझा माल काढून दे. मी घरच्या पडवीत पसरतो, पण इथं नको.”

वखारवाल्यानं मान खाली घातली आणि मळेवाल्याची निवडलेली पोती स्वतः गाडीवर चढवली. घरात जाऊन भाड्याचे पैसे आणले आणि जसेच्या तसे त्याच्या हातावर ठेवले. पोरगी बघत होती. ते पैसे कशासाठी घेतले होते हे तिला ठाऊक होतं. तिनं पुढचा कांदा उचलला आणि एवढ्या जोरानं दाबला की चांगला असून त्याला खळगा पडला.

बोळ मोकळा झाला तसा दोन दिवसांत वखारीचा ताप उतरला. बाकीचा माल वाचला. आक्कानं आत चक्कर मारून श्वास घेतला आणि मान हलवली. शनिवार उजाडला.

लॅपटॉपसाठी पैशांचं पुडकं होतं ते एवढंच, दर वर्षीच्या भाड्यातून बाजूला काढलेलं आणि पोरीच्या आईनं पिठाच्या डब्यात ठेवलेलं. ते तिनं पोरीच्या बापाकडे न देता आक्काकडे दिलं. “हे तिथं बोलत बसतील,” ती म्हणाली. “तुम्ही लक्ष ठेवा.” तिनं पोरीसाठी एक पिशवीही शिवून ठेवली होती. जाड स्वच्छ कापड, आत मऊ अस्तर, वर बटण. माप तिनं पोरीच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून घेतलं होतं. मैत्रिणीचा पातळ होता, रुपेरी. गेले पंधरा दिवस पोरगी झोपेतसुद्धा रुपेरीच बघत असावी.

तिघं बसनं तालुक्याला गेली. मोठ्या दुकानात काचेचं दार होतं आणि आत गारवा. वखारवाल्यानं दारातच चपला काढल्या. आत सगळे बूट घालून हिंडत होते ते बघून पोरगी हळूच म्हणाली, “बाबा, घाला.” तो परत गेला, चपला घातल्या आणि आला. दुकानदार तरुण, तुळतुळीत दाढीचा. त्यानं पहिल्याच फटक्यात पातळ, रुपेरी लॅपटॉप पुढे सरकवला. पोरीचे हात आपोआप त्याच्या कडेवर गेले.

“शाळेसाठी हाच चालतो, काका. दोनशे छप्पन्न. हलका बघा किती.”

वखारवाल्यानं तो हातात घेतला, वरखाली केला. “हलका आहे,” त्यानं मान्य केलं. “आत मोकळं किती?”

“दोनशे छप्पन्न.”

“ते तुम्ही खोक्यावर लिहिलंय. मी म्हणतो, आत मोकळं किती?”

दुकानदार हसला. “एकच की, काका.”

“मग उघडून दाखवा.”

दुकानदारानं दुकानात कामाला असलेल्या मुलीकडे बघून भुवया उडवल्या, लॅपटॉप सुरू केला, दोनचार ठिकाणी दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी आली. पोरगी पुढे वाकली आणि तिनंच वाचलं. “मोकळी, एकशे अठ्ठ्याण्णव.”

“बाकीची कुठं गेली?” आक्कानं विचारलं.

“ती मशीनलाच लागते, मावशी. चालायला. आत आधीच प्रोग्राम भरलेले असतात.”

“म्हणजे आम्ही रिकामी म्हणून वखार भाड्यानं घेतली आणि एका कोपऱ्यात मालकाचंच सामान,” वखारवाला म्हणाला. “मग खोक्यावर एकशे अठ्ठ्याण्णव लिहा ना.”

“तसं कुणी लिहीत नाही.”

“लिहायला काय होतं? अक्षरं जास्त लागतात?”

आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. पोरीचे कान लाल झाले. “बाबा,” ती दातांतून म्हणाली.

दुकानदाराचा आवाज आता लहान मुलाला समजावतात तसा झाला. “काका, उरलेलं इंटरनेटवर ठेवायचं. कंपनीची जागा असते. लागलं की तिथून घ्यायचं.”

“म्हणजे दुसऱ्याच्या वखारीत. आणि आमच्याकडे रेंज आली तर सकाळी तासभर येते, ती पण पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. पोरीनं गृहपाठ टाकीवर चढून करायचा?”

“मग मोठा घ्या. पाचशेचा आहे.” त्यानं मोठ्याची किंमत सांगितली. आक्कानं कमरेच्या पिशवीवर हात घट्ट दाबला.

“यातच भर घालता येईल का?” वखारवाल्यानं विचारलं. “मागचं झाकण काढा, बघतो.”

मागं उभ्या असलेल्या कुणीतरी फिसकन हसलं. दुकानदारही हसला. “हे काय पोतं आहे, काका, उसवून बघायला? झाकण काढलं की गॅरंटी गेली.”

“मी फळी उचलून खालचं बघितल्याशिवाय साधं गोदाम घेत नाही,” वखारवाला म्हणाला, पण आता त्याचाही आवाज जरा उतरला होता. त्यानं रुपेरी लॅपटॉप दोन्ही हातांनी जपून परत ठेवला. “येतो.”

रस्त्यावर आल्यावर पोरगी दहा पावलं मागं चालू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दिसू नये म्हणून ती दुकानांच्या पाट्या वाचत होती. परवा सोमवार. वीस जागा. यादीतला एकविसावा कोण हेही तिला ठाऊक होतं. तो चांगला मुलगा होता, त्यामुळे त्याचा रागही करता येत नव्हता.

वखारवाल्यालाही वाईट वाटत होतं. मळेवाल्याची सत्तर पोती राहिली असती तर पाचशेचा आला असता. पातळ, रुपेरी, तिला हवा तसा. आपण नको तिथं शहाणपणा केला की काय, असंही त्याला वाटून गेलं. तो थांबला आणि मागं वळून काहीतरी बोलणार, तर पोरगीच थांबली होती.

“बाबा, हे बघा,” ती म्हणाली.

ती एका दुरुस्तीच्या दुकानासमोर उभी होती. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. आत एक बाई, पन्नाशीची, चष्मा दोरीनं गळ्यात, पुढ्यात उघडी यंत्रं. भिंतीवरच्या फळीवर पाचसहा जुने लॅपटॉप उभे होते आणि प्रत्येकाला चिकटपट्टीचा एक तुकडा लावला होता. त्यावर पेनानं लिहिलेलं. ‘मोकळी ९०.’ ‘मोकळी ४१, कासव आहे.’ ‘मोकळी १९६, भर घालता येते.’

वखारवाल्यानं ते तीनदा वाचलं. मग आत जाऊन त्यानं दुरुस्तीवालीला नमस्कार केला.

तो तिसरा लॅपटॉप कुठल्याशा कचेरीतून निघालेला होता. काळा, जाड, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. दुरुस्तीवालीला झाकण काढा म्हणायचीही गरज पडली नाही. तिनं तो पालथा घातला, स्क्रू काढले आणि पाठ उघडून पुढं सरकवला. “ही मूळची साठवण. आणि हा कप्पा रिकामा. यात पाचशेची जुनी डिस्क बसते, माझ्याकडे एक तपासलेली आहे. हळू चालते, पण माल सांभाळते.”

“बोळ ठेवलाय,” वखारवाला हळूच आक्काला म्हणाला.

आक्कानं लॅपटॉप सुरू करायला लावला आणि त्याच्या कडेच्या फटींपाशी हाताचा तळवा धरला. मग खाली वाकून नाकही लावून बघितलं. “गरम वारा इथून बाहेर पडतो,” ती म्हणाली. “वासबीस नाही.”

“पंखा मीच साफ केलाय,” दुरुस्तीवाली म्हणाली. तिला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तिनं पोरीकडे बघितलं. “तुला यात काय भरायचंय?”

पोरगी दुकानात आल्यापासून त्या टवका उडालेल्या कोपऱ्याकडेच बघत होती. “शेतांचे फोटो,” ती म्हणाली. “वरच्या वर्गातली ताई म्हणाली, एका शेताचे सहासात जीबी होतात. पहिल्या वर्षात चाळीस शेतं.”

“मग?”

पोरीनं मनात गुणाकार केला. तिचा चेहरा बदलत गेला. रुपेरी लॅपटॉप एकतिसाव्या शेतालाच भरला असता. ती म्हणाली, “हाच घेऊ या, बाबा.”

“तुला आवडला?”

“नाही,” पोरगी म्हणाली. “पण हाच.”

दुरुस्तीवालीनं स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. “मग डिस्क तूच बसव. आपण बसवलेलं जास्त टिकतं.” पोरीनं डिस्क कप्प्यात सरकवली. पहिल्यांदा अडली. दुरुस्तीवाली म्हणाली, “जोर नको, सरळ धर.” दुसऱ्यांदा खट् आवाज झाला आणि ती बसली. चार स्क्रू पोरीनं स्वतः आवळले, जिभेचं टोक बाहेर काढून. लॅपटॉप सुरू झाला तेव्हा दोन निळ्या पट्ट्या दिसल्या, आणि पोरीनं बेरीज करून सांगितलं, “मोकळी सहाशे एकसष्ट.”

आक्कानं पिठाच्या डब्यातले पैसे दिले आणि त्यातून बसचं भाडं परत पिशवीत टाकलं. दुरुस्तीवालीनं जुनी चिकटपट्टी काढून नवी लावली. वर लिहिलं, ‘मोकळी ६६१.’ ती पट्टी काढायची नाही, असं पोरीनं बसमध्येच जाहीर केलं.

घरी पिशवीत तो काही केल्या जाईना. पोरीच्या आईनं एकदा आडवा घालून बघितला, एकदा उभा. मग तिनं पिशवीची शिवण उसवली आणि दोन्ही बाजूंना चार चार बोटं कापड घातलं.

सोमवारी मास्तरांनी प्रत्येकाच्या पडद्यावरची निळी पट्टी स्वतः वाचली. सहा रुपेरी लॅपटॉप एकशे अठ्ठ्याण्णवलाच अडकले आणि त्या सहाजणांना संध्याकाळपर्यंतची मुदत मिळाली. जिन्याखालच्या दुकानाचा पत्ता त्यांना पोरीनंच सांगितला. तिची जागा तिची राहिली. वखारवाल्यानं ही गोष्ट त्या आठवड्यात निदान अकरा जणांना सांगितली. सांगताना तो दुकानदाराच्या आवाजात ‘तसं कुणी लिहीत नाही’ म्हणायचा आणि मग स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायचा. उत्तर दर वेळी थोडं लांबत गेलं. आक्का ऐकून ऐकून कंटाळली.

पंधरा दिवसांनी पोरीला पहिलं काम मिळालं. घराजवळची एक इमारत मोजायची, आतून बाहेरून, आणि लॅपटॉपवर तिचा नकाशा काढायचा. इमारत कोणती हे विचारायचीही गरज नव्हती. रविवारी वखारवाला सकाळपासून टेपचं एक टोक धरून उभा होता. पोरगी हुकूम सोडत होती आणि तो ऐकत होता.

“बाबा, हात सरळ.”

“सरळच आहे.”

“नाही. टेप पोटातून जातोय.”

त्यानं पोट आत घेतलं. येणाजाणाऱ्यांनी थांबून विचारलं तर तो अभिमानानं म्हणायचा, “मोजणी चालू आहे.” पोरगी बोळात गेली, भिंतीपासून पोत्यापर्यंतचं अंतर घेतलं, शिडी लावून छतापर्यंत चढली. एका पोत्याची लांबी, रुंदी, जाडी घेतली. मग ती दुपारभर लॅपटॉपपुढं बसली. पाचच्या सुमाराला तिनं सगळ्यांना बोलावलं. वखारीच्या पायरीवर चौघं दाटीवाटीनं बसली आणि पडद्यावर वखार आली, वरून दिसते तशी, छप्पर काढलेली.

“बाई गं,” पोरीची आई म्हणाली. “ही आपली?”

“ही आपलीच.” पोरगी बोटानं दाखवू लागली, पण तिचा आवाज जरा जपून चालला होता. “आतली सगळी जागा धरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खालपासून वरपर्यंत, तर चारशे पाच पोती बसतात.”

“मग?” वखारवाल्यानं मांडीवर थाप मारली. “बाबांनी उगाच नाही लिहिलं. उलट पाच कमीच लिहिली.”

“पण बोळ ठेवायचा तर पंचेचाळीस जातात,” पोरगी म्हणाली. “भिंतीपासून वीतभर सोडायचं, त्याची वीस. छपराखाली हवेला पंधरा.” तिनं एक बटण दाबलं आणि नकाशातले ते ते भाग निळे झाले. मग ती बापाकडे न बघता म्हणाली, “मोकळी तीनशे पंचवीस, बाबा.”

वखारवाला पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली आणि पाटीकडे बघितलं. त्या दिवशी मळेवाल्याची पोती घेताना बघितलं होतं तसंच बघितलं, फक्त आता फार वेळ.

“हे तुला कधी कळलं?” त्यानं विचारलं.

“दुकानात,” पोरगी म्हणाली. “तुम्ही खोक्यावरच्या आकड्यावरून बोलत होता ना, तेव्हाच आपली पाटी आठवली. पण तिथं सगळे हसत होते. मग मी गप्प राहिले.”

त्याला भरून आलं. एवढ्याशा पोरीनं ही गोष्ट पंधरा दिवस पोटात ठेवली, बाप अकरा जणांपुढं मिरवत होता तेव्हासुद्धा. तो काहीतरी म्हणणार होता. पण आक्काला आता राहवलं नाही.

“लिहायला काय होतं रे?” ती म्हणाली. “अक्षरं जास्त लागतात?”

पोरीची आई तोंडाला पदर लावून हसू लागली, मग पोरगी, आणि शेवटी वखारवालाही. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि उठून शिडी पाटीखाली लावली.

पाटी खाली आली. पोरीनं पिवळा रंग दिला. तो वाळेपर्यंत सगळ्यांचा चहा झाला. अक्षरं वखारवाल्यानं काढली. आधी खडूनं आखून घेतलं, जेणेकरून या वेळी कुठलंच अक्षर चेपायला लागू नये. ‘कांदा वखार. मोकळी जागा, बोळ सोडून, तीनशे पंचवीस पोती.’ पोरीनं दोनदा वाचून बरोबर आहे म्हणून सांगितलं तेव्हाच त्यानं ब्रश खाली ठेवला.

मग त्यानं हातांना रॉकेल चोळून रंग काढला, सदरा बदलला आणि उजेड होता तोवर मळेवाल्याच्या घरी गेला. मळेवाला पडवीत कांदे उलटेपालटे करत होता. त्यानं वर बघितलं, बस म्हटलं नाही.

“त्या दिवशी मी हवेवर ढकललं,” वखारवाला उभ्या उभ्याच म्हणाला. “हवा होती तशीच होती. माझी पाटी चुकली होती. बोळात माल घ्यायलाच नको होता. तुमचे जे कांदे गेले ते माझ्यामुळे गेले. तेवढ्यांची किंमत मी पदरची भरून देतो.”

मळेवाला बराच वेळ हातातला कांदा अंगठ्यानं दाबत राहिला. तो कडक होता. “पाटी चुकली हे सांगितलं कुणी?”

“पोरीनं. मोजून.”

“बरं मोजते?”

“माझ्यापेक्षा बरं.”

मळेवाल्यानं कांदा ढिगावर टाकला आणि पायानं एक पाट त्याच्याकडे सरकवला. “मग तिला एकदा इकडे पाठव,” तो म्हणाला. “या पडवीत किती मावतात, मलाही एकदा कळू दे. बायको म्हणते पन्नास, मी म्हणतो ऐंशी, आणि या कांद्यांपायी गोठ्यात झोपतोय मी.”

वखारवाला पाटावर बसला आणि म्हणाला, “रविवारी येईल. पण टेपचं दुसरं टोक धरायला तुम्हाला पोट आत घ्यावं लागेल.”